विश्वेश्वरय्या आणि सक्करचे पाणी

घणसोलीजवळील तळवली हे नवी मुंबईतील एक गाव. तेथील एखाद्या मुलाने सकाळी नळाची तोटी फिरवली, की भांड्यात स्वच्छ पाण्याची धार पडू लागते. नवी मुंबईचे बहुतेक पाणी दूर खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे धरणातून येते. वाटेत भोकरपाडा येथे ते शुद्ध केले जाते. तेथे त्यातील गाळ खाली बसू देतात, ते वाळूच्या थरांतून गाळून घेतात, त्यात क्लोरीन मिसळतात आणि मगच ते मोठ्या नळांतून शहराकडे सोडतात. तोटी फिरवणाऱ्याला यातील काहीच दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त धार.

ही धार घराघरांत पोचण्यापूर्वी आपल्या देशातील गावोगावी लोक नदीचे, तळ्याचे किंवा विहिरीचे पाणी आहे तसेच पीत असत. ज्या घाटावर गुरे धुतली जात, त्याच घाटावर घागरी भरल्या जात. उन्हाळा सरता सरता पटकीची साथ येई आणि घरेच्या घरे ओस पडत. अशा काळात एका लहान शहराला निर्मळ पाणी देण्याचे काम एका तरुण अभियंत्याकडे आले. त्या शहराजवळ पैसा थोडा होता आणि त्याच्या नदीचे पाणी चिखलासारखे गढूळ होते. ते शहर म्हणजे सिंधमधील सक्कर आणि तो अभियंता म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात १५ सप्टेंबर या दिवशी झाला. १८५७ च्या उठावाला तेव्हा तीनचार वर्षे लोटली होती. त्यांचे वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित होते. पण घरात संपत्ती अशी नव्हती. विश्वेश्वरय्या लहान असतानाच वडील निवर्तले. पुढील शिक्षणासाठी ते बंगळुरास मामांच्या आश्रयाने राहिले आणि दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून त्यांनी आपल्या शिक्षणाचा खर्च भागवला. १८८१ साली ते बी. ए. झाले. त्यांची हुशारी पाहून म्हैसूर संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती दिली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकावयास आले. तेथील अंतिम परीक्षेत १८८३ साली त्यांनी पहिला क्रमांक मिळवला. त्या यशामुळे दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८८४ साली, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांना साहाय्यक अभियंत्याची जागा मिळाली.

या १८८४ सालाचे पाण्याच्या इतिहासात मोठे महत्त्व आहे. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने कोलकात्यात पटकीच्या रोग्यांची व तेथील तळ्यांच्या पाण्याची तपासणी करून पटकीचा जंतू ओळखला. हा रोग दूषित हवेने होतो, अशीच पूर्वी बहुतेकांची समजूत होती. त्यापूर्वी ३० वर्षे, १८५४ साली, लंडनमधील डॉक्टर जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाचे पाणी पिणाऱ्यांतच पटकी कशी पसरली, हे घरोघर चौकशी करून दाखवले होते. परंतु पुष्कळांना ते पटले नव्हते. आता मात्र वैऱ्याचा चेहराच दिसला. रोग्याच्या मलातून हा जंतू पाण्यात उतरतो आणि पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात जातो, हे कळून आले. पाणी दिसावयास कितीही नितळ असले तरी त्यात हा जंतू असू शकतो, ही त्यातील भयंकर गोष्ट होती. डोळ्यांनी पाहून पाण्याची परीक्षा करण्याचे दिवस संपले होते.

विश्वेश्वरय्या यांची पहिली नेमणूक नाशिक येथे झाली. पुढे खानदेशात धुळ्याजवळ पांझरा नदीच्या प्रवाहाला ओलांडून कालव्याचे पाणी नळाने पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळा सुरू झाला, नदीला पूर येऊ लागले आणि केलेले काम वाळूने बुजू लागले. पाऊस ओसरेपर्यंत काम थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांस कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, की हातपायही गाळले नाहीत. त्याच पावसात त्यांनी काम पुरे केले. पाणी कसे वाहते, कोठे मुरते, वाळू कोठून येते आणि कोठे साचते, याचे जे शिक्षण पुस्तकांत मिळत नाही, ते त्यांना खानदेशातील या नदीने दिले असले पाहिजे.

सक्करचे काम त्यांच्याकडे आले ते १८९३ साली. सक्कर आज पाकिस्तानात आहे. त्या काळी सिंध प्रांत मुंबई इलाख्यात मोडत असे. सिंधू नदीच्या काठी वसलेले हे शहर फार उष्ण. पलीकडच्या तीरावर रोहडी. या दोन गावांना जोडणारा लोखंडी रेल्वे पूल १८८९ साली पुरा झाला होता आणि तो पाहावयास दुरून लोक येत. सिंधूवर असा भव्य पूल बांधला गेला होता. मात्र तिच्या काठच्या माणसांना पिण्याजोगे पाणी मिळाले नव्हते. हिमालयातून निघालेली सिंधू शेकडो कोस माती वाहून आणते. उन्हाळ्यात बर्फ वितळून नदीला पूर आला म्हणजे तिचे पाणी इतके गढूळ होते, की पेला भरून ठेवला तर तळाशी मातीचा थर दिसावा.

सक्करच्या नगरपालिकेने नळांची योजना करावयाचे ठरवले होते. शहरालगत नदीकाठी एक टेकडी आहे. नदीचे पाणी पंपाने या टेकडीवर चढवावे, तेथे मोठ्या हौदात साठवावे आणि तेथून ते उताराने आपोआप शहरात नळांनी उतरू द्यावे, अशी ती कल्पना होती. कल्पना सोपी होती. पण नदीचे गढूळ पाणी तसेच वर चढवले, तर नळांतून चिखलच यावयाचा. म्हणून टेकडीवर वाळूच्या गाळण्या बांधणे जरूर होते.

वाळूची गाळणी म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. मोठा विटांचा हौद बांधून त्यात तळाशी खडी, तिच्यावर बारीक खडे आणि त्यांच्यावर वाळूचा जाड थर पसरतात. वरून पाणी सोडले की ते सावकाश झिरपत खाली येते. मातीचे कण वाळूत अडकतात हे तर उघडच आहे. परंतु खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. काही दिवसांनी वाळूच्या पृष्ठभागावर एक बुळबुळीत पातळ साय धरते. त्या सायीत असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि पाण्यातून येणाऱ्या रोगजंतूंपैकी बहुतेकांचा ते फडशा पाडतात. या गाळण्यांचे सामर्थ्य १८९२ साली साऱ्या जगाला दिसले होते. त्या वर्षी जर्मनीतील हँबुर्ग शहरात पटकीने आठ हजारांवर माणसे दगावली. हँबुर्गला लागूनच आल्टोना हे शहर होते. दोन्ही शहरे एल्ब नदीचेच पाणी पीत. इतकेच नव्हे, तर आल्टोना खालच्या अंगास असल्यामुळे त्याला मिळणारे पाणी हँबुर्गची घाण मिसळलेले असे. तरीसुद्धा आल्टोना पुष्कळसे बचावले. फरक एवढाच होता, की आल्टोना आपले पाणी वाळूतून गाळून घेई आणि हँबुर्ग ते तसेच नळांत सोडी.

म्हणजे गाळण्या हव्यातच. पण टेकडीवर त्या बांधावयास खर्च फार. शिवाय वाळूचा वरचा थर वारंवार खरवडून काढावा लागतो, नवी वाळू चढवावी लागते, त्यासाठी माणसे ठेवावी लागतात. सक्करच्या नगरपालिकेच्या तिजोरीत एवढा पैसा नव्हता. एखाद्याने या ठिकाणी दोनपैकी एक वाट धरली असती. पैसा नाही म्हणून योजना गुंडाळली असती, किंवा गाळण्या वगळून गढूळ पाणीच लोकांच्या दारी नेले असते आणि कागदावर योजना पुरी झाल्याची नोंद केली असती. दुसरी वाट अधिक धोक्याची. कारण विहिरीचे पाणी वाईट असेल तर एक वाडी आजारी पडते, नळाचे पाणी वाईट असेल तर सारे शहर.

विश्वेश्वरय्या यांनी तिसरी वाट काढली. महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यातील बाईला ती वाट ठाऊक आहे. उन्हाळ्यात नदी आटू लागली, किंवा पाणी गढूळ झाले, म्हणजे बायका पात्रातील वाळूत हाताने खड्डा उकरतात. त्याला झिरा म्हणतात. थोड्या वेळात त्या झिऱ्यात कडेच्या वाळूतून झिरपून नितळ पाणी जमते आणि वाटीवाटीने ते घागरीत भरता येते. नदीचे वाळवंट हीच एक मोठी गाळणी आहे, ती निसर्गाने फुकट बांधून ठेवली आहे, हे या साध्या गोष्टीत दिसून येते. विश्वेश्वरय्या यांनी सक्करला जे केले, तो म्हणजे एक प्रचंड झिराच होता. वाहत्या प्रवाहाच्या अगदी जवळ, नदीच्या पात्रात त्यांनी एक खोल विहीर घेतली. सिंधूचे पाणी वाळूतून झिरपत झिरपत या विहिरीत येऊ लागले आणि येताना आपला चिखल वाटेतच टाकू लागले.

तथापि शहराची तहान एका विहिरीने भागणारी नव्हती. वाळूतून पाणी येते ते हळूहळू येते. पंप जोराने पाणी उपसू लागला तर विहीर कोरडी पडावयाची. यावर उपाय म्हणून विहिरीपासून नदीच्या पात्राखाली एक बोगदा नेण्यात आला. त्यामुळे पाणी झिरपावयास पुष्कळ अधिक जागा मिळाली आणि विहिरीत पुरेसे पाणी येऊ लागले. हे पाणी पंपाने टेकडीवर चढले, तेथून नळांनी शहरात उतरले. टेकडीवरच्या खर्चिक गाळण्यांची गरज उरली नाही. १८९५ साली सक्करची योजना पुरी झाली. विश्वेश्वरय्या तेव्हा पस्तिशीच्या आसपास होते.

पुढे त्यांनी मोठमोठी कामे केली आणि लोक त्यांची आठवण त्या कामांसाठीच काढतात. आमच्या मते सक्करचे हे लहानसे काम त्यांच्या कोणत्याही धरणाइतकेच मोलाचे आहे. अपुऱ्या पैशाचे निमित्त करून लोकांच्या आरोग्याशी तडजोड करावयाची नाही, आणि आरोग्याचे नाव घेऊन गावाला न पेलणारा खर्चही त्याच्या डोक्यावर लादावयाचा नाही, हे दोन्ही त्यांनी एकाच विहिरीत साधले. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. वाळू फार काही करते, सर्व काही करत नाही. पाण्यात क्लोरीन घालून उरलेसुरले जंतू मारण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ होऊ लागली. आज बहुतेक ठिकाणी पिण्याचे पाणी देताना गाळण्यानंतर क्लोरीनची जोड दिली जाते, आणि ते पाणी नळांतून शेवटच्या घरापर्यंत जाईतो त्याचा थोडा अंश पाण्यात उरला पाहिजे अशी काळजी घेतली जाते.

सक्करनंतर सुरत शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढे त्यांची बदली पुण्यास झाली. पुणे शहराला व तेथील छावणीला मुठा नदीवरील खडकवासल्याच्या तलावातून पाणी मिळे. त्याच तलावाचे कालवे शेतीलाही पाणी देत. पावसाळ्यात तलाव भरला म्हणजे वरचे पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहर व शेती या दोघांनाही ते कमी पडे. सांडवा कायमचा उंच करावा, तर मोठ्या पुरात पाणी धरणाच्या माथ्यावर चढून धरणच फुटण्याचे भय. विश्वेश्वरय्या यांनी सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसवले. ते आपल्या तोलाने बंद राहत. पाणी ठरावीक रेषेच्या वर चढले, की माणसाचा हात न लागता ते आपोआप उघडत आणि पुराचे पाणी निघून गेले, की आपोआप मिटत. यामुळे तलावात पूर्वीपेक्षा सुमारे ८ फूट अधिक उंचीपर्यंत पाणी साठू लागले. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसले. या शोधाचे पेटंट त्यांच्या नावे झाले होते. त्याबद्दल सरकार त्यांना मोबदला देऊ करीत होते; परंतु सरकारी नोकरीत असताना, सरकारी कामासाठी आपण हा शोध लावला आहे, तेव्हा त्याचे वेगळे पैसे घेणे योग्य नाही, असे मानून त्यांनी तो नाकारला.

याच सुमारास ते मुंबई इलाख्याचे आरोग्य अभियंता झाले. शहरांचा पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची व्यवस्था पाहणे हे या अधिकाऱ्याचे काम. ही दोन कामे एकाच माणसाकडे असणे फार शहाणपणाचे होते. नळ आले की घरात पाणी अधिक वापरले जाते आणि तितकेच सांडपाणी बाहेर पडते. त्याला वाट नसेल तर ते गल्लीत साचते, जमिनीत मुरते. जमिनीखालून गेलेल्या नळाला कोठे तडा असला आणि नळातील पाणी बंद असले, तर हेच घाण पाणी त्या तड्यातून आत शिरते. आणि सकाळी नळ सुरू झाला, की पहिल्या धारेबरोबर घरात येते. पाणी शुद्धीकरणाच्या जागी कितीही शुद्ध केले, तरी वाटेत ते बिघडू शकते. म्हणून गटार आणि नळ यांचा विचार बरोबरच करावा लागतो.

१९०६ साली त्यांना एडनला पाठवण्यात आले. अरबस्तानच्या टोकावरील हे बंदर तेव्हा मुंबई इलाख्याच्या अमलाखाली होते. तेथे पाऊस नाममात्र. समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडे पाणी मिळवावे लागे. विश्वेश्वरय्या यांनी आसपासचा मुलूख पाहिला आणि एडनच्या उत्तरेस, लाहेजच्या प्रदेशात, नदीच्या कोरड्या दिसणाऱ्या पात्रातील वाळूखालून पाणी आणता येईल, असा अहवाल दिला. सक्करची विहीर त्यांच्या मनातून गेलेली नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही.

१९०८ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली. खात्यातील सर्वांत वरच्या जागेवर भारतीय माणसास नेमण्याची त्या काळी रीत नव्हती आणि त्यांना ते कळून चुकले होते. ते परदेशांच्या प्रवासात असतानाच २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुशी नदीला महापूर आला. हजारो माणसे वाहून गेली. निजाम सरकारने त्यांना बोलावून घेतले. शहराच्या वर मुशीवर व तिच्या ईसी नावाच्या उपनदीवर मोठे तलाव बांधून पूर अडवावा, अशी योजना त्यांनी आखली. त्यांपैकी उस्मानसागर १९२० साली व हिमायतसागर १९२७ साली तयार झाला. ज्या पाण्याने शहर बुडवले, तेच या तलावांतून शहराला पिण्यासाठी मिळू लागले. हैदराबादच्या सांडपाण्याची योजनाही त्यांनीच आखून दिली.

यानंतरची त्यांची कीर्ती सर्वांना माहीत आहे. ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवर कृष्णराजसागर धरण उभे राहिले आणि त्यालाही आपोआप उघडणारे दरवाजे बसले. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानाचे दिवाण होते. वयाची नव्वदी ओलांडल्यावरही बिहारमध्ये गंगेवर रेल्वेचा पूल कोठे बांधावा, याचा सल्ला देण्यासाठी ते गेले आणि मोकामाची जागा त्यांनी सुचवली. १९५५ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

त्यांच्या वयाच्या शंभरीच्या सुमारास पुण्यावर मोठे संकट कोसळले. १२ जुलै १९६१ रोजी नवे बांधलेले पानशेतचे धरण फुटले. त्याचे पाणी खडकवासल्यावर येऊन आदळले आणि तेही धरण फुटले. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पूर ओसरला तेव्हा पुणेकरांच्या नळांना पाणी नव्हते, कारण नळांना पाणी देणारा तलावच रिकामा झाला होता. लोक वाड्यांतील जुन्या विहिरींकडे आणि पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून आणलेल्या पाण्याच्या हौदांकडे घागरी घेऊन धावले. विहिरींचे पाणी शुद्ध करून, उकळून प्यावे लागले. खडकवासल्याचे धरण पुढे पुन्हा बांधण्यात आले.

एप्रिल १९६२ मध्ये विश्वेश्वरय्या बंगळुरास निधन पावले. ज्या मुद्देनहळ्ळीत ते जन्मले होते, तेथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.